वनस्पतींच्या अर्काची परीक्षा कशी करावी: अडुळसा आणि हिरडा यांच्या आधाराने

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या प्रकल्पांमध्ये औषधी वनस्पतींच्या अर्कांचा विषय दरवर्षी येतो आणि त्याची ठरलेली चाकोरीही आता सर्वांना पाठ झाली आहे. पाने वाळवायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, आठदहा रंगपरीक्षा करून ‘अधिक’ आणि ‘वजा’ या चिन्हांचा तक्ता भरायचा, दोन जीवाणूंवर झोन, म्हणजे अर्काभोवती जीवाणू न वाढलेली वर्तुळे, मोजायचे आणि शेवटी वनस्पतीचे औषधी गुणधर्म सिद्ध झाल्याचे लिहायचे. या क्रमातील एकेक पायरी चुकीची नाही. चुकते ते शेवटचे वाक्य. बाटलीत जे उतरलेले असते ती वनस्पती नसते. विशिष्ट ठिकाणच्या, विशिष्ट ऋतूत तोडलेल्या, विशिष्ट अवयवातून, विशिष्ट द्रावकाने आणि विशिष्ट तापमानाला जेवढे बाहेर काढले तेवढाच तो अर्क असतो, आणि हाती आलेला निष्कर्षही त्या अर्कापुरताच असतो. हे भान पहिल्या दिवसापासून ठेवले, तर साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही विश्वासार्ह काम होऊ शकते.

या मार्गदर्शिकेसाठी अडुळसा आणि हिरडा या दोन वनस्पती मुद्दाम निवडल्या आहेत. दोन्ही महाराष्ट्रात सहज मिळतात, मोजक्या नमुन्यासाठी दोहोंपैकी कोणाचेही झाड मारावे लागत नाही, आणि दोहोंचे रसायन एकमेकांपासून अगदी निराळे आहे. अडुळशाच्या पानांतील महत्त्वाचे घटक म्हणजे वॅसिसीन आणि वॅसिसिनोन ही क्विनॅझोलिन गटातील अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी द्रव्ये. हिरड्याचे सामर्थ्य टॅनिनांमध्ये आहे: चेब्युलॅजिक आम्ल, चेब्युलिनिक आम्ल आणि त्यांच्या विघटनातून येणारी गॅलिक व एलॅजिक आम्ले. प्रयोगशाळेच्या दृष्टीने या दोहोंतील फरक असा, की नेहमीच्या परीक्षांमध्ये अडुळसा खोटा नकार देऊ शकतो आणि हिरडा खोटा होकार देऊ शकतो. पुढील बहुतेक सूचना या दोन धोक्यांपासून सावध राहण्यासाठीच आहेत.

प्रश्न आधी, परीक्षा नंतर

अडुळसा खोकला आणि दमा यांसाठी वापरला जातो. वॅसिसीन श्वासनलिकांचे स्नायू सैल करते, आणि कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध वॅसिसीनच्या रेणूवरूनच विकसित केले गेले. आज खोकल्याच्या अनेक औषधांत असणारे अँब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्सिनचे शरीरात होणारे रूपांतर आहे. म्हणजे अडुळशाची ख्याती प्रामुख्याने जीवाणू मारण्यावर उभी नाही. असे असताना त्याच्या अर्काने स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर झोन दिला नाही म्हणून तो निष्प्रभ ठरवणे, किंवा लहानसा झोन दिला म्हणून खोकल्यावरचा उपयोग सिद्ध झाल्याचे लिहिणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निरर्थक आहेत. श्वासनलिकेवरील परिणाम पाहण्यासाठी प्राण्यांच्या ऊतींवर प्रयोग करावे लागतात आणि त्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची पूर्वपरवानगी लागते. ज्या महाविद्यालयात ती सोय नाही तेथे प्रश्न बदलावा. ‘अडुळसा औषधी आहे काय?’ असे न विचारता ‘कोणत्या पद्धतीने काढलेल्या अर्कात वॅसिसीन अधिक उतरते?’ असे विचारावे. हा प्रश्न लहान असला तरी त्याचे उत्तर मिळू शकते, आणि काढे करणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे.

हिरड्याची अडचण उलट आहे. टॅनिने प्रथिनांना चिकटतात आणि त्यांना साक्यासारखे खाली बसवतात. कातडे कमावण्यासाठी हिरडा वापरला जातो तो याच गुणामुळे. विकर असो, जीवाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन असो वा पोषक माध्यमातील पेप्टोन असो, टॅनिन सर्वांना सारखेच धरते. त्यामुळे परीक्षानळीत हिरड्याचा अर्क जवळजवळ प्रत्येक परीक्षेत ‘क्रियाशील’ दिसतो. तो परिणाम खोटा असतोच असे नाही, परंतु तो त्या विशिष्ट विकरावरचा परिणाम आहे की टॅनिनाचा सरसकट स्वभाव आहे, हे वेगळे काढून दाखवण्याची जबाबदारी प्रयोग करणाऱ्याची असते.

नमुना गोळा करणे आणि ओळख पटवणे

ओळख चुकली तर पुढील सर्व आकडे वाया जातात. लोकनावांवर विसंबू नये. ब्राह्मी या एकाच नावाने कुठे बकोपा मोनिएरी तर कुठे सेंटेला एशियाटिका दिली जाते, आणि पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली सापडते. पहिल्या सालीत कोनेसिन हे अल्कलॉइड असते. दुसरे झाड वेगळ्याच प्रजातीचे आहे. म्हणून फूल किंवा फळ असलेली फांदी दाबून वाळवावी, तिच्यासोबत ठिकाण, तारीख, अंदाजे उंची, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे, आणि ती मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये तपासून तिचा नोंदक्रमांक घ्यावा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे असे संग्रह आहेत. हा क्रमांक प्रबंधात लिहिलेला नसेल, तर वाचणाऱ्याला त्या कामावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

अडुळसा बहुधा कुंपणाला लावलेला असतो, कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत. रस्त्याकडेची, धूर आणि धूळ बसलेली झुडपे टाळावीत, तसेच फवारणी होणाऱ्या शेताच्या बांधावरची पानेही घेऊ नयेत. पूर्ण वाढलेली, निरोगी, हिरवी पाने घ्यावीत. पिवळी आणि कीड लागलेली बाजूला काढावीत. हिरडा बाजारातून घ्यायचा असेल तर बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा यांची सरमिसळ करू नये. बाळहिरडा म्हणजे कोवळे, आठळी तयार होण्यापूर्वी वाळवलेले फळ. सुरवारी म्हणजे पूर्ण पिकलेले मोठे फळ. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरी भागात बाळहिरडा गोळा करणे हे आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन आहे आणि तेथून थेट घेतल्यास ठिकाणाची नोंदही खात्रीची मिळते. फळाच्या पक्वतेनुसार टॅनिनांचे प्रमाण आणि स्वरूप बदलते, म्हणून ‘हिरडा’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. सुरवारी हिरड्याची आठळी काढून केवळ हिरडादळ वापरावे.

दुर्मीळ वनस्पती प्रकल्पासाठी निवडू नयेत, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. नरक्या या सह्याद्रीतील झाडात कॅम्पटोथेसिन असते. हे संयुग प्रथम १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांच्या गटाने एका चिनी वृक्षातून वेगळे केले, आणि त्याच्यापासून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे तयार झाली. ही कीर्ती नरक्याच्या मुळावर आली. त्याची मोठ्या प्रमाणावर चोरटी तोड झाली. वनक्षेत्रातून काहीही गोळा करायचे असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

पाने सावलीत, हवेशीर जागी, पातळ थरात पसरून वाळवावीत. पावसाळ्यात ती आठवडाभर दमट राहिली तर बुरशी धरते आणि मग आपण पानासोबत बुरशीचीही परीक्षा करत बसतो; अशा वेळी ४० अंश सेल्सिअसच्या आत ठेवलेली वाळवणपेटी वापरावी. पान बोटांत चुरले की झाले असे न मानता, लागोपाठ दोन दिवसांचे वजन सारखे येईपर्यंत थांबावे. दळताना मिक्सर थांबवून थांबवून चालवावा, कारण भांडे तापले की सुगंधी द्रव्ये उडतात. भुकटी जाडसरच ठेवावी. वस्त्रगाळ केल्यास गाळणकागद तुंबतो. हिरड्यासाठी लोखंडी खलबत्ता किंवा गंजलेली पाती वापरू नयेत, कारण टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन भुकटी काळी पडते आणि पुढील रंगमापनाचे आकडे बिघडतात.

द्रावक: येथेच निम्मा निकाल ठरतो

द्रावकाची निवड सवयीने नव्हे, तर हव्या असलेल्या घटकाच्या स्वभावावरून करावी. पेट्रोलियम ईथरमध्ये मेदद्रव्ये, मेण आणि स्टेरॉल उतरतात. इथिल ॲसिटेटमध्ये मध्यम ध्रुवीयतेची फिनॉलिक द्रव्ये. मिथेनॉलमध्ये बहुतेक फ्लॅव्होनॉइडे, ग्लायकोसाइडे आणि अल्कलॉइडे. आणि पाण्यात टॅनिने, शर्करा, सॅपोनिने व क्षार. कॅम्पटोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे नरक्याचा काढा करून त्यात ते शोधणे व्यर्थ ठरेल. उलट, वैद्य जो अडुळशाचा अंगरस किंवा काढा देतात तो जलीय अर्क असतो. क्लोरोफॉर्मच्या अर्कावर केलेला प्रयोग पारंपरिक उपयोगाचा पुरावा म्हणून मांडता येत नाही. परंपरेची परीक्षा करायची असेल तर पाण्याचा अर्क अभ्यासात असलाच पाहिजे.

तापमानाचे महत्त्व समजून घेण्यासाठी चीनमधील आर्टेमिसिनिनचे उदाहरण पुरेसे आहे. मलेरियावरील औषधाच्या शोधात तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया ॲन्युआच्या अर्काचे निकाल कधी चांगले तर कधी निकृष्ट मिळत होते. चौथ्या शतकातील एका चिनी वैद्यकग्रंथात ही वनस्पती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घेण्यास सांगितले होते. त्यावरून उष्णतेने क्रियाशील द्रव्य नष्ट होत असावे असा तर्क करून १९७१ मध्ये त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरने कमी तापमानात अर्क काढला, आणि तो प्रयोगातील उंदरांच्या मलेरियावर पूर्ण परिणामकारक ठरला. पुढील वर्षी शुद्ध संयुग हाती आले आणि २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती तीच होती. बदलली ती अर्क काढण्याची रीत.

म्हणून सॉक्सलेट उपकरण हाताशी आहे एवढ्याच कारणाने ते वापरू नये. १८७९ मध्ये फ्रांट्स फोन सॉक्सलेट यांनी ते दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी मांडले होते, आणि स्थिर, तेलकट द्रव्यांसाठी ते आजही उत्तम आहे. परंतु त्यात खालच्या चंबूतील अर्क तासन् तास उकळत राहतो. हिरड्यातील चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ले अशा दीर्घ उष्णतेने विघटित होऊन गॅलिक आम्लाचे प्रमाण वाढते, आणि वॅसिसीन हवा व प्रकाश यांच्या सान्निध्यात ऑक्सिडीकरण होऊन वॅसिसिनोनमध्ये बदलते. दोन्ही वनस्पतींसाठी थंड भिजवण अधिक सुरक्षित.

अडुळशासाठी ५० ग्रॅम भुकटी ५०० मि.लि. मिथेनॉलमध्ये झाकणबंद शंकुपात्रात घ्यावी, पात्राला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळावा आणि अधूनमधून हलवत २४ तास ठेवावे. आधी मलमलीतून, मग व्हॉटमन क्रमांक १ च्या कागदातून गाळावे. चोथ्यावर पुन्हा ताजे मिथेनॉल घालून हीच क्रिया आणखी दोनदा करावी आणि तिन्ही गाळ एकत्र करावेत. निर्वात बाष्पीभवक असल्यास पाण्याचे तापमान ४० अंशांच्या आसपास ठेवावे. नसल्यास बशीत, धूरकपाटाखाली, जलऊष्मकावर सावकाश आटवावे आणि जवळ ज्योत नसावी. कोरड्या अर्काचे वजन भुकटीच्या वजनाशी ताडून उतारा काढावा: ५० ग्रॅमपासून ६ ग्रॅम मिळाले तर उतारा १२ टक्के. हिरडादळासाठी ७० टक्के इथेनॉल किंवा साधे ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, आणि पाण्याचा अर्क खोलीच्या तापमानाला ठेवून देऊ नये, कारण तो एका रात्रीत आंबू लागतो. तो गोठवून वाळवता आला तर सर्वांत चांगले.

याच वेळी एक काम आवर्जून करावे, जे प्रबंधांमध्ये क्वचितच दिसते: भुकटी न घालता तेवढाच द्रावक त्याच भांड्यांतून, त्याच कागदांतून नेऊन आटवावा आणि उरलेला अंश जपून ठेवावा. त्याचा उपयोग पुढे कळेल.

अल्कलॉइडांचा वेगळा अंश

मिथेनॉलच्या अर्कात हरितद्रव्याचा एवढा पसारा असतो की वॅसिसीन त्यात हरवून जाते. ते वेगळे काढण्यासाठी आम्ल आणि अल्कली यांची जुनी युक्ती वापरावी. दोन ग्रॅम अर्क १०० मि.लि. दोन टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात घोटून घ्यावा. अल्कलॉइड क्षाराच्या रूपात पाण्यात उतरते आणि हरितद्रव्य चिकट गोळ्याच्या रूपात मागे राहते. गाळलेले आम्लद्रावण पेट्रोलियम ईथरने दोनदा धुवावे व तो थर टाकून द्यावा. मग पात्र बर्फात ठेवून थेंबाथेंबाने अमोनिया घालत सामू ९ ते १० वर आणावा. आता अल्कलॉइड मुक्त झालेले असते. ते प्रत्येकी ५० मि.लि. डायक्लोरोमिथेनने तीनदा काढून घ्यावे. हा द्रावक पाण्यापेक्षा जड असल्याने खालचा थर हवा असतो, हे घाईत विसरले जाते. विभाजक नरसाळे हलवताना वारंवार उलटे करून तोटीतून दाब सोडावा. सॅपोनिनांमुळे फेसाचा पायस (दोन्ही थरांचे न फुटणारे मिश्रण) झाला तर मिठाचे संपृक्त द्रावण थोडे घालून थांबावे. जोराने हलवून तो मोडत नाही, उलट पक्का होतो. शेवटी निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळून आटवावे आणि लगेच गडद रंगाच्या कुपीत, शक्य असल्यास उणे २० अंशांना ठेवावे.

रंगपरीक्षा: सूचना, पुरावा नव्हे

ड्रॅगेनडॉर्फच्या अभिक्रियाकारकाने नारिंगी, मेयरच्या अभिक्रियाकारकाने दुधाळ आणि वॅग्नरच्या अभिक्रियाकारकाने लालसर तपकिरी साका आला की अल्कलॉइड असल्याचे लिहिले जाते. परंतु प्रथिनांनीही असे साके येऊ शकतात, म्हणून ही परीक्षा कच्च्या अर्कावर न करता वर सांगितलेल्या अंशावर करावी. फेरिक क्लोराइडने हिरड्यात निळाकाळा रंग येतो, परंतु तो रंग फिनॉल गट असलेली इतर द्रव्येही देतात. जिलेटिन आणि मीठ यांच्या द्रावणाने साका आला तरच टॅनिनाचा दावा करावा. फ्लॅव्होनॉइडांसाठीची, मॅग्नेशियम व संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची शिनोडा परीक्षा मुळातच गडद रंगाच्या अर्कावर वाचता येत नाही. सॅपोनिनांसाठीच्या फेसाच्या परीक्षेत फेस किती सेंटिमीटर आला आणि किती मिनिटे टिकला ते लिहावे. ‘अधिक, अधिक, अधिक’ अशा चिन्हांतून प्रमाण सूचित करण्याची पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी, कारण डोळ्यांनी जोखलेली गडदता प्रमाण सांगत नाही.

एकूण फिनॉलिक द्रव्ये मोजण्याची फोलिन–सिओकाल्टू पद्धत गॅलिक आम्लाच्या प्रमाणवक्रावर, सुमारे ७६५ नॅनोमीटरला वाचतात. ती केवळ फिनॉलच नव्हे तर कोणतेही क्षपणकारी द्रव्य मोजते. आवळ्यासारख्या फळात ॲस्कॉर्बिक आम्लामुळे आकडा फुगू शकतो.

पातळ थराचा वर्णलेख

पातळ थराचा वर्णलेख, म्हणजे टीएलसी, अर्कातील घटक पट्टीवर वेगवेगळ्या उंचीला नेऊन सुटे करतो. रंगपरीक्षांवर जो वेळ जातो त्यातला निम्मा वेळ येथे दिला तर काम कितीतरी सुधारते. सिलिका जेल ६० एफ २५४ या पट्टीवर खालून एक सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढावी, केशनळीने कच्चा अर्क, अल्कलॉइडांचा अंश, वॅसिसीनचा प्रमाणित नमुना आणि द्रावकाचा कोरा अंश असे चार ठिपके द्यावेत. इथिल ॲसिटेट आणि मिथेनॉल ८ : २ या प्रमाणात घेऊन त्यात थोडा अमोनिया मिसळावा, अमोनिया नसेल तर अल्कलॉइड सिलिकाला धरून राहते आणि ठिपक्याऐवजी शेपटी दिसते. भांडे आधी अर्धा तास द्रावकाच्या वाफेने भरू द्यावे. पट्टी वाळल्यावर प्रथम २५४ आणि नंतर ३६६ नॅनोमीटरच्या प्रकाशात पाहावी, छायाचित्र घ्यावे आणि मगच ड्रॅगेनडॉर्फ फवारावा. प्रमाणित नमुन्याच्या रांगेत, त्याच उंचीवर, त्याच रंगाचा ठिपका अर्कात दिसला तर वॅसिसीन असण्याची शक्यता बळावते. द्रावकांचे दुसरे मिश्रण वापरूनही दोन्ही ठिपके जोडीनेच चालले, तर दावा अधिक भक्कम होतो. जुन्या अर्कात वॅसिसिनोनचा ठिपका वाढलेला आणि वॅसिसीनचा फिका झालेला दिसला, तर साठवणीतला दोष पट्टीनेच दाखवून दिला असे समजावे. प्रमाण काढायचे असेल तर एचपीएलसी (उच्च क्षमतेचे द्रव-वर्णलेखन) किंवा घनतामापक असलेली एचपीटीएलसी (याच पातळ थराच्या पद्धतीचे उच्च क्षमतेचे रूप) लागते.

वायुवर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटाच्या, म्हणजे जीसी–एमएसच्या अहवालाविषयी येथे थोडे कठोर बोलणे भाग आहे. बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला की तीसचाळीस संयुगांची यादी परत येते आणि ती जशीच्या तशी ‘औषधी घटक’ म्हणून छापली जाते. या यंत्रात जे वायुरूप होते तेच दिसते. टॅनिने आणि ग्लायकोसाइडे त्यात दिसतच नाहीत. म्हणजे हिरड्याच्या अर्कासाठी ही परीक्षा जवळजवळ गैरलागू आहे. यादीतील नावे संगणकाने ग्रंथालयातील वर्णपटांशी केलेल्या साम्यावरून आलेली असतात, ती निश्चिती नव्हे. आणि त्या याद्यांत हटकून आढळणारी थॅलेट गटातील द्रव्ये बहुधा प्लॅस्टिकच्या नळ्या, झाकणे आणि बाटल्या यांतून आलेली असतात. द्रावकाचा कोरा अंश जपून ठेवला होता तो यासाठी: जे त्यात दिसते ते वनस्पतीच्या नावावर मांडू नये.

जैविक क्रियाशीलता

अर्क मुक्तमूलकांना किती निष्प्रभ करतो, म्हणजे त्याची ऑक्सिडीकरणरोधक क्षमता किती, हे पाहणारी डीपीपीएच परीक्षा सोपी असल्यामुळे सर्वत्र केली जाते. १०० मि.लि. मिथेनॉलमध्ये ३.९ मि.ग्रॅ. डीपीपीएच विरघळवल्यास सुमारे ०.१ मिलिमोलर जांभळे द्रावण मिळते. त्याच्या २ मि.लि.मध्ये १ मि.लि. अर्क मिसळून ३० मिनिटे अंधारात ठेवावे आणि ५१७ नॅनोमीटरला वाचन घ्यावे. अर्काचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठी डीपीपीएच नसलेली, फक्त अर्क आणि मिथेनॉल असलेली नळी प्रत्येक संहतीसाठी स्वतंत्र ठेवावी. हिरड्याचा अर्क एवढा प्रबळ असतो की मि.लि.ला १ ते ५० मायक्रोग्रॅम या पट्ट्यात काम करावे लागते. १०० च्या पुढे सर्व नळ्या पिवळ्या होतात आणि वक्रच मिळत नाही. अडुळशासाठी ५० ते ५०० हा पट्टा घेऊन सुरुवात करावी. निम्मा परिणाम घडवणारी संहती, म्हणजे आयसी५०, वक्रावरून काढावी आणि ॲस्कॉर्बिक आम्लाची संहती त्याच दिवशी, त्याच द्रावणावर मोजावी. डीपीपीएच हा शरीरात कोठेही न आढळणारा कृत्रिम मुक्तमूलक आहे. त्यामुळे या परीक्षेवरून अर्क ‘कर्करोगरोधक’ किंवा ‘हृदयरक्षक’ ठरत नाही.

जीवाणूंसाठी नोंदलेले प्रकार वापरावेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम आणि चंडीगडचे एमटीसीसी या संग्रहांतून ते मिळतात. रुग्णालयातून आणलेला अनोळखी प्रकार विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत हाताळू नये. आगर या जेलीसारख्या पोषक माध्यमात पाडलेल्या, अर्क भरलेल्या खळग्याभोवतीचा झोन ही केवळ पहिली चाळणी आहे. झोनची रुंदी क्रियाशीलतेइतकीच रेणू आगरातून किती सहज पसरतो यावर अवलंबून असते, त्यामुळे पेट्रोलियम ईथरच्या अर्काचा झोन पाण्याच्या अर्काच्या झोनशी ताडून पाहता येत नाही.

खरा आकडा म्हणजे वाढ रोखणारी किमान संहती. कोरडा अर्क डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये मि.लि.ला १०० मि.ग्रॅ. या प्रमाणात विरघळवावा. त्यातील २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर म्युलर–हिंटन द्रवमाध्यमात मिसळले की मि.लि.ला २ मि.ग्रॅ. होतात. ९६ खळग्यांच्या पट्टीत १०० मायक्रोलिटरच्या क्रमाने निम्मे निम्मे पातळ करत जावे. जीवाणूंचे निलंबन ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाला, म्हणजे मि.लि.ला सुमारे १५ कोटी पेशींना जुळवून ते १५० पट पातळ करावे आणि प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर घालावे. त्यामुळे शेवटी मि.लि.ला ५ लाख पेशी, सर्वाधिक १ मि.ग्रॅ. अर्क आणि १ टक्का डायमिथिल सल्फॉक्साइड राहते. फक्त माध्यम, माध्यम आणि जीवाणू, १ टक्का डायमिथिल सल्फॉक्साइडसह जीवाणू, ज्ञात प्रतिजैविक, आणि जीवाणूंशिवाय प्रत्येक संहतीचा अर्क असे पाच प्रकारचे तुलना-खळगे ठेवावेत. ३५ ते ३७ अंशांना १८ तासांनंतर रेझाझुरिन घालावे. जिवंत पेशी निळ्याचा गुलाबी रंग करतात. हिरड्यासारखा क्षपणकारी अर्क जीवाणूंशिवायही हा रंग बदलू शकतो, आणि शेवटचा तुलना-खळगा त्यासाठीच आहे. पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून दाखवणारी एमटीटी परीक्षा करणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे, कारण पॉलिफिनॉल एमटीटीचे थेट क्षपण करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत असल्याचा भास होतो.

कच्च्या अर्काची किमान संहती मि.लि.ला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर ती लक्षणीय मानण्याचा प्रघात आहे, १ मि.ग्रॅ.च्या वरचे परिणाम उत्साहाने मांडण्यासारखे नसतात. हिरड्याचा चांगला निकाल आल्यास एक पायरी पुढे जावे: अर्क न विरघळणाऱ्या पॉलिव्हिनिल पॉलिपायरोलिडोनसोबत हलवून गाळावा, जेणेकरून टॅनिने त्याला चिकटून निघून जातील, आणि तीच परीक्षा पुन्हा करावी. क्रिया नाहीशी झाली तर ती टॅनिनांची होती; बरीचशी उरली तर शोध घेण्यासारखे दुसरे काही अर्कात आहे, आणि तेथून स्तंभवर्णलेखनाने अंश पाडून प्रत्येक अंशाची परीक्षा करत जाण्याला अर्थ आहे.

एकाच अर्कातून भरलेले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. शक्य असल्यास वेगवेगळ्या दिवशी, निदान वेगवेगळ्या वेळी काढलेल्या अर्कांवर, पुनरावृत्ती करावी आणि सरासरीसोबत प्रमाण विचलन द्यावे.

निष्कर्षाचे वाक्य आणि बाटल्यांची विल्हेवाट

निष्कर्ष लिहिताना वाक्यात अवयव, द्रावक, पद्धत आणि आकडा हे चारही यावेत. उदाहरणार्थ: ‘सुरवारी हिरडादळाच्या, खोलीच्या तापमानाला काढलेल्या ७० टक्के इथेनॉल अर्काने अमुक प्रकाराची वाढ अमुक संहतीला रोखली, टॅनिने काढल्यानंतर ही क्रिया आढळली नाही.’ नकारात्मक निकालही याच काटेकोरपणे लिहावा. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेविषयीची निरीक्षणे ब्रिटनच्या नियतकालिकात मांडली ती रुग्णांच्या रक्तदाबाच्या प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे, आणि त्यानंतर १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. परीक्षानळीतील आकड्याला माणसावरच्या परिणामाची भाषा देता येत नाही.

प्रयोगशाळेत काढलेला अर्क कोणीही चाखू किंवा पिऊ नये. त्यात द्रावकाचा अंश उरलेला असतो. शिवाय वॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, त्यामुळे गरोदर स्त्रियांनी अडुळशाचे प्रयोग स्वतःवर तर नाहीच, पण घरगुती काढ्याच्या रूपातही वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत.

जीवाणू असलेल्या सर्व पट्ट्या आणि बशा १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नयेत. डायक्लोरोमिथेन आणि क्लोरोफॉर्म इतर द्रावकांपासून वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवावेत. मेयरच्या अभिक्रियाकारकात पारा असतो; त्याचे उरलेले थेंब आणि धुवण सिंकमध्ये न ओतता स्वतंत्र बाटलीत जमा करावे आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावे.